परवाना दुकानाचा, हाताचे काय?

दाढीसाठी खुर्चीत बसलेला मनुष्य मान मागे टाकतो, डोळे मिटतो आणि आपला गळा दुसऱ्याच्या वस्तऱ्याखाली देतो. राजेरजवाड्यांपासून बाजारातल्या हमालापर्यंत सर्वांनी आजवर हेच केले आहे आणि या विश्वासाला या व्यवसायाने सहसा तडा जाऊ दिलेला नाही. प्रतापगडावर 1659 साली शिवरायांवर उगारलेला सय्यद बंडाचा हात कलम करणारा जिवा महाला याच समाजातला, आणि 1660 साली पन्हाळ्याच्या वेढ्यात महाराजांचे सोंग घेऊन मृत्यूला सामोरा गेलेला शिवा काशीदही याच समाजातला. अशा विश्वासाच्या धंद्याबाबत एक साधा प्रश्न मात्र आपण कधी विचारीत नाही. वैद्याकडे जाताना आपण त्याची पदवी पाहतो, मोटार हाकणाऱ्याकडे परवाना आहे की नाही हे पोलीस पाहतात. पण ज्याच्या हातातील पाते आपल्या कातडीवरून फिरते, ज्याने कालवलेली रसायने आपल्या डोक्यात मुरतात, त्याने हे काम कोठे व केव्हा शिकले आणि शिकल्यानंतर त्यात काही नवी भर घातली की नाही, याची विचारपूस ना गिऱ्हाईक करते, ना सरकार.

काणकोणपासून पेडण्यापर्यंत कोणत्याही केशकर्तनालयात डोकावले तर भिंतीवर नगरपालिकेचा वा पंचायतीचा परवाना लावलेला दिसतो. दुकाने व आस्थापनांविषयीचा 1973 चा कायदाही या दुकानांना लागू आहे. पण हे सारे कागद दुकानाचे आहेत. जागा किती, मालक कोण, साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी, कामगार किती, एवढेच ते सांगतात. कात्री धरणाऱ्या हाताविषयी ते मौन पाळतात. दुकान परवानाधारक आणि हात बिनपरवाना, अशी ही विचित्र स्थिती आहे, आणि ती केवळ गोव्यातच नव्हे तर देशभर आहे. तिचा विचार करण्याची वेळ आता आली आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे म्हणताना या व्यवसायातील मंडळींना अडाणी ठरविण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. किंबहुना गेल्या चाळीस वर्षांत या व्यवसायाने आपण होऊन जेवढी सुधारणा केली, तेवढी फार थोड्या धंद्यांनी केली असेल. पूर्वी चामड्याच्या पट्ट्यावर परजलेला एकच वस्तरा दिवसभर साऱ्या गावाच्या हनुवट्यांवरून फिरत असे. 1986 साली भारतात एड्सच्या विषाणूची लागण झालेले पहिले रुग्ण आढळले आणि पुढील काही वर्षांत त्या रोगाची दहशत खेडोपाडी पोचली. तेव्हा कोणताही वटहुकूम न निघता तो जुना वस्तरा बाजूला पडला. अर्धे पाते बसविण्याचा नवा वस्तरा आला आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत कोरे पाते मोडून लावण्याची रीत रूढ झाली. 2020 साली कोरोनाच्या साथीत दुकानांना कुलपे लागली. महाराष्ट्रात त्या वर्षी 28 जूनला दुकाने उघडली तीसुद्धा केस कापण्यापुरती. दाढीला मनाई कायम होती. त्या दिवसांत एकदाच वापरण्याचे कापड, मुखपट्टी, खुर्ची पुसून घेणे या गोष्टी कारागिरांनी भराभर आत्मसात केल्या. या धंद्यातील माणसे शिकत नाहीत, असे म्हणणे म्हणूनच अन्यायाचे होईल. ती शिकतात, परंतु त्यांना आजवर शिकविले ते भयाने. साथ आली, माणसे दगावली, मग शहाणपण आले. ज्ञान संकटाच्या आधी पोचावे यासाठीच तर शिक्षणाची व्यवस्था असते, आणि तीच येथे नाही.

पाते बदलल्याने सर्व काही साधले, असा एक गोड गैरसमज आपल्याकडे रूढ आहे. पाते नवे असते. पण दाढीनंतर जी तुरटी गालावरून फिरते ती मात्र सकाळपासून तीच असते. बारीकशी कापलेली जागा आणि तीवरून फिरणारी सामाईक तुरटी, यांतून एकाचे रक्त दुसऱ्याच्या जखमेशी पोचण्याची वाट मोकळी राहते. यकृताला ग्रासणाऱ्या हेपटायटिस बी या रोगाचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या पृष्ठभागावरही किमान सात दिवस तग धरू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024 च्या अहवालानुसार 2022 साली भारतात या विषाणूची लागण असलेल्यांची संख्या सुमारे 3 कोटी होती. त्यांतील बहुतेकांना आपल्याला लागण आहे याची कल्पनाही नसते. कात्री जंतुनाशकाच्या पेल्यात क्षणभर बुडवून काढली की ती शुद्ध झाली, ही समजूतही तशीच. आधी साबणाने धुणे, मग ठरलेल्या प्रमाणाच्या द्रावणात ठरलेली मिनिटे ठेवणे, हा त्यातील क्रम आहे; आणि तो कोणीतरी एकदा नीट समजावून सांगितल्याशिवाय कळणारा नाही.

रसायनांची गोष्ट याहून गंभीर आहे. आजच्या केशकर्तनालयात वा सौंदर्यगृहात केस कापण्याइतकेच केस रंगविण्याचे आणि सरळ करण्याचे काम चालते. काळ्या कलपांत आणि तथाकथित काळ्या मेंदीत पॅराफेनिलीनडायअमाइन नावाचे द्रव्य असते. काहींच्या त्वचेला ते मुळीच सोसत नाही; म्हणून आधी कानामागे किंवा कोपरावर थोडे लावून पाहावे, असे त्या डब्यावरच छापलेले असते. ते किती दुकानांतून पाळले जाते, हे वाचकांनी आपल्या अनुभवावरून ठरवावे. केस सरळ करण्याच्या काही औषधांतून, ती तापविली असता, फॉर्मल्डिहाइडची वाफ निघते आणि फॉर्मल्डिहाइड हे कर्करोगकारक असल्याचे सिद्ध झालेले आहे. अमेरिकेतील 33,497 स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष 2022 साली प्रसिद्ध झाले. त्यांत केस सरळ करण्याची औषधे कधीच न वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये सत्तर वर्षे वयापर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण 1.64 टक्के, तर ती वारंवार वापरणाऱ्यांमध्ये 4.05 टक्के असल्याचा अंदाज निघाला. एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध झाला असे म्हणता येणार नाही. पण सावध व्हायला एवढे पुरेसे आहे.

आणि गिऱ्हाईक या वाफेत महिना-दोन महिन्यांतून तासभर बसते. कारागीर रोज बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने केशकर्तनाच्या व्यवसायात होणाऱ्या रसायनसंपर्काला ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात घातले आहे आणि 2010 साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या ग्रंथात त्या निर्णयाला पुन्हा दुजोरा मिळाला आहे. सौंदर्यगृहाच्या बंद, वातानुकूलित खोलीत दहा-दहा तास राबणाऱ्या, बहुधा परप्रांतांतून आलेल्या तरुण मुलींना हे कोणी सांगितले आहे काय? खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला, एवढे दोन शब्दसुद्धा कित्येकींच्या कानी पडलेले नसतील.

मानेचे उदाहरण तर प्रत्येक पुरुष वाचकाच्या परिचयाचे आहे. केस कापून झाले की डोक्याला चंपी होते आणि शेवटी मान दोन्ही बाजूंना ‘कडक’ असा आवाज करून मोडली जाते. गिऱ्हाईक सुखावते, कारागीर हे अगत्याने करतो. परंतु मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचे अस्तर अशा झटक्याने फाटू शकते आणि त्यातून पक्षाघाताचा झटका येऊ शकतो, हे वैद्यकाला ठाऊक आहे. केस धुण्याच्या पात्रावर मान फार मागे टाकून बसल्याने असे झटके आलेल्या पाच स्त्रियांची हकीगत अमेरिकेच्या वैद्यकीय नियतकालिकात 1993 सालीच छापून आली होती. अशा घटना विरळाच. पण त्या टाळण्यास लागतो तो केवळ अर्ध्या तासाचा पाठ.

हा पाठ द्यायचा कसा, या प्रश्नावर अमेरिकेचा अनुभव पाहण्यासारखा आहे. अनुकरणासाठी तितकाच सावधगिरीसाठीही. तेथे केशकर्तनकाराला राज्याचा परवाना घ्यावा लागतो आणि तो दुकानापुरता नसून व्यक्तीचा असतो. त्यासाठी शाळेतील तास भरून परीक्षा द्यावी लागते. कित्येक राज्यांत एवढ्यावर भागत नाही. परवान्याचे नूतनीकरण करताना ठराविक तासांचे ‘निरंतर शिक्षण’ घेतल्याचा दाखला जोडावा लागतो. इलिनॉय राज्यात केशरचनेचा व सौंदर्यप्रसाधनाचा परवाना असणाऱ्यांना दर दोन वर्षांनी असे 14 तास भरावे लागतात. उलट कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क ही दोन मोठी राज्ये नूतनीकरणासाठी अशा तासांची अट घालीत नाहीत. म्हणजे ज्या देशाने ही पद्धत रूढ केली, त्या देशाचेही तिच्याविषयी एकमत नाही.

मतभेदाचे कारण उघड आहे. तासांची सक्ती झाली की तास विकणारे उभे राहतात. शिकवणीची फी, बुडालेल्या दिवसाची कमाई आणि नूतनीकरणाचे शुल्क हा तिहेरी भार कारागिराच्या माथी बसतो; आणि पुष्कळदा त्या बदल्यात त्याला मिळते ते पडद्यासमोर बसून कळ दाबीत उरकलेल्या पाठाचे प्रमाणपत्र. ज्ञानाच्या नावाने कारागिराचीच बिनपाण्याने हजामत व्हावी, यासारखा विपर्यास दुसरा नाही. मूळ परवान्याच्या तासांबाबतही तेथे हाच अनुभव आला. गरिबांना धंद्याबाहेर ठेवणारी भिंत म्हणून त्या अटीवर टीका झाली आणि कॅलिफोर्नियाने 2022 पासून ती 1,000 तासांवर आणली. आमच्याकडे परवान्याची भाषा बोलणाऱ्यांनी हा धडा आधी गिरवावा.

तथापि त्याच देशातील दोन गोष्टी या शिक्षणाचे खरे सामर्थ्य दाखवितात. पहिली इलिनॉयची. 1 जानेवारी 2017 पासून तेथील केशरचना व सौंदर्यप्रसाधनाच्या परवानाधारकांना कौटुंबिक हिंसा व लैंगिक अत्याचार यांविषयी एका तासाचे प्रशिक्षण अनिवार्य झाले. जी गोष्ट स्त्री आईला सांगत नाही, पोलिसांना सांगत नाही, ती केस विंचरणाऱ्या बाईला सांगून जाते. कानामागचा व्रण तिला दिसतो. कायद्याने या कारागिरांवर फिर्याद देण्याचे बंधन घातले नाही. खुणा ओळखाव्यात, दोन धीराचे शब्द बोलावेत आणि मदत कोठे मिळते ते सांगावे, एवढीच अपेक्षा ठेवली. दुसरी गोष्ट लॉस एंजेलिसची. तेथील कृष्णवर्णीय वस्तीतील 52 केशकर्तनालयांत रक्तदाब वाढलेल्या 319 गिऱ्हाइकांवर एक प्रयोग झाला आणि त्याचे फलित 2018 साली प्रसिद्ध झाले. काही दुकानांत औषधतज्ज्ञ स्वतः येऊन रक्तदाब मोजून औषध देत आणि कारागीर पाठपुरावा करीत. बाकीच्या दुकानांत कारागीर केवळ डॉक्टरांकडे जाण्याचा सल्ला देत. सहा महिन्यांत पहिल्या गटाचा वरचा रक्तदाब सरासरी 27 अंकांनी उतरला, दुसऱ्याचा सुमारे 9 अंकांनी. औषध दिले ते तज्ज्ञाने, हे खरे. पण जी माणसे दवाखान्याची पायरी चढत नाहीत ती खुर्चीत बसतात आणि तेथे ऐकतात, हे त्या प्रयोगाने दाखविले. आमच्याकडे याहून वेगळे काय आहे? गावची बातमी आधी सलूनमध्ये पोचते आणि मग वर्तमानपत्रात येते, हे आम्ही संपादकच कबूल करतो.

आता आपल्या घरचा विचार करू. 17 सप्टेंबर 2023 रोजी केंद्र सरकारने सुरू केलेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसाय घेतले आहेत आणि त्यांत केशकर्तनाचा समावेश आहे. पाच ते सात दिवसांचे पायाभूत प्रशिक्षण, त्या काळात दररोज 500 रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत साहाय्य आणि सवलतीच्या व्याजाने कर्ज, अशी तिची रचना आहे. या योजनेतील एक तत्त्व आम्हाला विशेष मोलाचे वाटते. शिकण्यासाठी धंदा बंद ठेवणाऱ्या कारागिराची रोजी बुडते आणि ती भरून देणे हे सरकारचे काम आहे, हे या योजनेने मान्य केले. अमेरिकेतील अनेक राज्यांना जे सुचले नाही ते येथे सुचले. उणीव आहे ती सातत्याची. एकदाचे प्रशिक्षण झाले, प्रमाणपत्र मिळाले, हत्यारांची पेटी घरी आली की शिक्षण संपले. दोन वर्षांनी बाजारात नवे रसायन आले, नवा रोग आला, तर त्याची वार्ता घेऊन त्या दुकानाची पायरी कोण चढणार?

आमची सूचना अगदी साधी आहे. तासांचे डोंगर रचू नयेत. दर दोन वर्षांनी एक दिवस, तोही प्राथमिक आरोग्य केंद्रात, विनामूल्य आणि रोजी भरून देऊन, प्रत्येक केशकर्तनकाराने व सौंदर्यगृहातील प्रत्येक कामगाराने शिकण्यासाठी द्यावा. सक्ती असेल ती फक्त रक्त, त्वचा आणि रसायन यांच्याशी संबंधित पाठांची. केसांची नवी ढब, नवी यंत्रे, हिशेब आणि कर्ज यांचे वर्ग ज्याला हवे त्याने घ्यावेत. शिकविणारा आरोग्याधिकारी असावा. तास विकणारा दलाल नसावा. भाषा कोकणी, मराठी, कन्नड, हिंदी, जी शिकणाऱ्याला कळेल ती असावी, कारण आज आमच्या शहरांतील अनेक खुर्च्यांमागे उभे असलेले तरुण गोव्याबाहेरून आले आहेत. लेखी परीक्षेऐवजी हत्यार कसे धुतो ते करून दाखविणे पुरेसे मानावे. ज्याला अक्षरओळख नाही पण हातात कला आहे, त्याला दाराबाहेर ठेवण्याचे पाप या व्यवस्थेकडून घडू नये. त्याच दिवशी हेपटायटिस बीच्या लशीची पहिली मात्रा टोचावी; पुढील दोन मात्रांसाठी तो त्या केंद्रात पुन्हा येईल आणि ओळखही टिकेल. शेवटी जे प्रमाणपत्र मिळेल ते त्या व्यक्तीच्या नावाचे असावे. त्याने दुकान बदलले, गाव बदलले, तरी ते त्याच्याबरोबर जावे. मालकाच्या परवान्याशेजारी कामगाराचे नाव आरशावर लागावे. ज्याला आजवर ‘अरे’ म्हणून हाक मारली गेली, त्याच्या ज्ञानाला लोकांसमोर नाव मिळावे, हाही या खटाटोपाचा एक हेतू आहे.

आणखी एका पाठाचा आग्रह आम्ही धरणार आहोत. इलिनॉयने आपल्या समाजाची व्यथा ओळखून एक तास राखून ठेवला; आमच्या समाजाची व्यथा कोणती? 1948 साली घटना परिषदेत दुकानांच्या सर्वांना खुल्या प्रवेशाविषयीचे कलम चर्चेला आले, तेव्हा ‘दुकान’ या शब्दात केशकर्तनालय येते काय, असा प्रश्न निघाला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो शब्द व्यापक अर्थाने, सेवा देणाऱ्या प्रत्येक ठिकाणाला लागू असल्याचे स्पष्ट केले. त्यानंतर पाऊणशे वर्षे उलटली. पण दलितांचे केस कापण्यास नकार मिळाल्याच्या बातम्या देशाच्या निरनिराळ्या भागांतून अद्याप येतात. 2020 साली कर्नाटकातील म्हैसूर जिल्ह्यातील एका गावात तर दलितांचे केस कापले म्हणून खुद्द केशकर्तनकारावरच गावातील वरिष्ठांनी दंड व बहिष्कार लादल्याचे उघडकीस आले. अशा वेळी तो एकटा असतो. खुर्ची सर्वांची आहे, ती नाकारणे हा 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे आणि ती नाकारावयास लावणाऱ्या गावगुंडांविरुद्ध कायदा आपल्या पाठीशी आहे, हे त्याला अधिकाराने सांगणारा एक तास असलाच पाहिजे. या व्यवसायाला हे नवे नाही. 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी एकत्र येऊन विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला होता. ज्यांच्या हातून रूढी आपले क्रौर्य पार पाडीत होती, त्यांनीच हात आखडता घेतला. त्या निर्धाराचे वारस असलेल्यांना समतेचा पाठ परका वाटणार नाही.

शेवटी दोन शब्द गिऱ्हाइकासाठी. स्वच्छतेला पैसे पडतात. कोरे पाते, एकदाच वापरायचे कापड, तुरटीऐवजी प्रत्येकासाठी वेगळा फवारा, कलप लावण्यापूर्वी चाचणीसाठी दिलेला वेळ, या सर्वांची किंमत कोणीतरी द्यावी लागते. हॉटेलात शंभराची नोट सहज ठेवणारे आम्ही येथे मात्र दहा रुपयांसाठी हुज्जत घालतो, आणि कारागिराने पाते बदलले की नाही हे पाहण्याऐवजी डोळे मिटून घेतो. शिकलेल्या हाताला अधिक दाम देण्याची आमची तयारी नसेल तर शिकण्याची अपेक्षा करण्याचा अधिकारही आम्हाला नाही. सरकारने एक दिवसाची सोय करावी, कारागिराने एक दिवस द्यावा आणि समाजाने त्या दिवसाचे मोल मानावे. एवढे झाले तरी खुर्चीत बसून निर्धास्तपणे मान मागे टाकण्याचा आपला जुना विश्वास केवळ परंपरेवर न राहता ज्ञानावर उभा राहील. हे काम पुढच्या साथीच्या आधी व्हावे, एवढेच आमचे मागणे आहे.